तुती वाळेपर्यंत

"हलवा, मुकादम, जोरात हलवा! सकाळी जेवला नाहीत का?"

मेरुशे खालून ओरडली, तसा शिडीवर उभ्या असलेल्या नेजीपने फांदीला आणखी एक हिसका दिला. पिकलेल्या पांढऱ्या तुती टपटप करत चादरीवर पडल्या. काही मेरुशेच्या डोक्यावरच्या रुमालात अडकल्या, एक गुलबख्तच्या नाकावर आपटून फुटली. दोघी चादरीची दोन-दोन टोकं धरून उभ्या होत्या आणि शाळेतल्या पोरींसारख्या खिदळत होत्या. त्यातली एक बहात्तर वर्षांची होती.

"पुरे का?" नेजीपने विचारलं.

"पुरे कशा? वरची फांदी तशीच आहे की. मालकाचं झाड म्हणून जपून हलवताय होय?"

झाड नेजीपचंच होतं. लग्न होऊन मेरुशे ऑस्ट्रेलियात, शेपार्टनला आली, त्याच वर्षी तिच्या हट्टापायी त्याने ते लावलं होतं. पण ते आता तिला कोण सांगणार? गेल्या हिवाळ्यापासून तो तिचा नवराच उरला नव्हता.

विसरण्याचा तो आजार हळूहळू आला होता. आधी किल्ल्या गेल्या, मग गॅस बंद करायचं गेलं, मग इंग्रजी गेली. चाळीस वर्षं कॅनरीत, फळं डब्यांत भरण्याच्या कारखान्यात, नासपाती निवडताना शिकलेली भाषा एखाद्या कोटासारखी तिने अंगावरून उतरवून ठेवली आणि उरली ती फक्त प्रेस्पाच्या तळ्याकाठची अल्बेनियन. आणि एका सकाळी ती बिछान्यात उठून बसली, रजई हनुवटीपर्यंत ओढून घेतली आणि म्हणाली, "मुकादम, तुम्ही इथे कसे? माझे वडील बघतील ना!"

तिच्या गावी तंबाखूच्या शेतावर असा कोणी मुकादम होता म्हणे. म्हातारा, मिशाळ. बरा माणूस असावा, कारण मेरुशे त्याची भीती धरत नसे, थट्टा करत असे. पण मुकादमाला घरात झोपू कोण देणार? नेजीपने आपली उशी उचलली आणि मागच्या पडवीतल्या खोलीत नेऊन ठेवली. तेव्हापासून तो तिथेच झोपत होता, आणि स्वतःच्या घरात मागच्या दाराने ये-जा करत होता.

गुलबख्त आली ती नगरपालिकेने पाठवलेली मदतनीस म्हणून. मेरुशेला आंघोळ घालायची, जेवू घालायचं, सोबत करायची. अफगाणिस्तानातल्या जागोरीची हजारा बाई. नवरा खाटीकखान्यात कामाला, घर दोन गल्ल्या सोडून. पहिल्या दिवशी तिने दार वाजवलं आणि मेरुशेने दार उघडून तिला मिठीच मारली. "दुरिये! किती उशीर केलास ग! वाट पाहून डोळे दुखले."

दुरिये म्हणजे मेरुशेची धाकटी बहीण. तिला जाऊनही आता वीस वर्षं झाली असतील. गुलबख्तला एक शब्द कळला नाही, पण मिठी कळली. तिने मिठी मारली आणि आपल्या भाषेत म्हणाली, "आले ना खाला, आले आता."

तेव्हापासून दोघींचं जमलं ते जमलंच. एक अल्बेनियन बोलायची, दुसरी हजारगी, आणि नेजीप स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून ऐकत राहायचा. अधूनमधून एखादा शब्द दोघींकडे सारखाच निघे. बाग. दुनिया. साखर. सबर. असा शब्द सापडला की दोघी हरखून टाळ्या द्यायच्या, जणू रस्त्यात पडलेलं नाणं सापडलंय. नेजीपला ते बघून बरंही वाटे आणि आत कुठेतरी टोचतही असे. पन्नासच्या वर वर्षं ज्याच्यासोबत काढली तो परका, आणि जिची भाषाही येत नाही ती सख्खी बहीण!

तुती वाळवायची कल्पना मात्र गुलबख्तची. झाडाखाली सडा पडलेला पाहून ती कळवळली होती आणि नेजीपशी बोलायच्या तिच्या मोडक्या इंग्रजीत म्हणाली होती, "काका, हे असं मातीत जाऊ देता? आमच्याकडे बायका घर गहाण टाकतील, पण तुती टाकणार नाहीत."

"आमच्याकडेही नव्हत्या टाकत," नेजीप म्हणाला. "ही वाळवायची दरवर्षी. तीन वर्षं झाली, सुचत नाही तिला."

"सुचेल," गुलबख्त म्हणाली. "हातांना सुचतं."

आणि खरंच सुचलं. चादरीवरचा ढीग बघताच मेरुशेचे हात चालू लागले. पानं आणि काड्या वेगळ्या, फुटलेल्या तुती वेगळ्या. गुलबख्त बादलीभर पाणी घेऊन आली, तर मेरुशेने तिच्या हातावर चापटच मारली.

"धुतेस काय, वेडे? चिखल होईल त्यांचा! आई बघ कशी ओरडेल तुला."

"काय म्हणतात त्या?" गुलबख्तने विचारलं.

"धुऊ नको म्हणते. आई ओरडेल म्हणते."

"मला ठाऊक आहे काका, धुवायच्या नसतात. बादली आपले हात धुवायला आणली. सांगा तुमच्या बाईसाहेबांना."

नेजीपने सांगितलं. मेरुशेने गुलबख्तकडे संशयाने बघितलं. "ही लहानपणापासून अशीच. पकडली गेली की कारणं."

मागच्या पडवीचं पत्र्याचं छप्पर बुटकं होतं, उतार नावाला. नेजीपने त्यावर जुन्या चादरी अंथरल्या. पहिला दिवस सावलीत ठेवायच्या की थेट उन्हात, यावरून दोघींचं वाजलं. मेरुशे झाडाकडे बोट दाखवी, गुलबख्त सूर्याकडे. शेवटी अर्ध्या अशा, अर्ध्या तशा. तुती एकेक करून, एकमेकींना न चिकटतील अशा पसरल्या. वर खिडकीचे जुने जाळीदार पडदे टाकून कडेला विटा ठेवल्या, साळुंक्या आणि गांधीलमाश्या येऊ नयेत म्हणून.

मग ते दिवस आले. नोव्हेंबर संपत आलेला. दुपारी गल्लीत पाखरू हलत नसे. घरामागच्या सगळ्या बागा गेल्या दुष्काळात उपटून जाळल्या होत्या. नेजीपने ज्यांची छाटणी करण्यात जन्म घालवला ती नासपातीची झाडंही त्यातच गेली. आता तिथे कालव्यापर्यंत नुसतं उघडं रान होतं आणि त्यावर ऊन पाण्यासारखं हलत असे. छपरावर तुती आधी मऊ पडल्या, मग त्यांना चिकट रस सुटला, मग त्या मधाच्या रंगाच्या होऊ लागल्या. वास घरभर पसरला. गोड, थोडासा जड, झोप आणणारा. त्या वासात मेरुशे शांत असायची. संध्याकाळी दव पडायच्या आत नेजीप शिडीने चढून चादरी गोळा करी, सकाळी पुन्हा पसरी. मेरुशे खाली खुर्चीत बसून गाणं गुणगुणे. लग्नाआधी मुलींनी म्हणायचं गाणं होतं ते. नेजीपने ते तिच्या तोंडून पूर्वी कधी ऐकलं नव्हतं. ऐकणार कसा? लग्नाआधी तो तिथे नव्हताच.

एक दिवस दुपार कलल्यावर तो पाव आणायला गेला होता. परत आला तर फाटकातूनच गुलबख्तचा रडवेला आवाज ऐकू आला.

शिडी छपराला लावलेली. गुलबख्त शिडीच्या मध्यावर. आणि वर, चादरींच्या मधोमध, पाय दुमडून मेरुशे बसलेली.

"काका, दोरीवरचे कपडे काढायला वळले हो फक्त! तेवढ्यात चढल्या. मी वर गेले की मागे सरकतात. मागे कड आहे."

"तू खाली उतर," नेजीप म्हणाला. "शिडी घट्ट धर. ओरडू नको."

उभा जन्म शिड्यांवर गेला होता, पण गुडघे आता ते विसरले होते. तो एकेक पायरी मोजून मापून चढला. पत्रा अजून गरम होता.

"या मुकादम," मेरुशे म्हणाली. "पण चादरीवर पाय देऊ नका."

तो चादरीच्या अलीकडे बसला. दोघांच्या मधे तुती होत्या. मेरुशे पडदा बाजूला करून एकेक तुती उलटत होती, अगदी हलक्या बोटांनी, झोपलेल्या मुलाची कूस बदलावी तशी.

"मेरुशे, खाली चल," तो म्हणाला.

"ह्या उलटायच्या राहिल्यात. दुरिये आळशी आहे, तिच्याच्याने होत नाही." तिने मान वर करून रानाकडे पाहिलं. "तळं किती शांत आहे ना आज?"

नेजीपने बघितलं. उघड्या रानावर ऊन हलत होतं, आणि त्यावरून गुलाबी काकाकुव्यांचा एक थवा तिरपा निघाला होता.

"हो," तो म्हणाला. "शांत आहे."

तिने आणखी दोन-चार तुती उलटल्या. मग आवाज खाली आणून म्हणाली, "मुकादम, एक विचारू? कोणाला सांगणार नाही ना?"

"नाही सांगणार."

"मला स्थळ आलंय. ऑस्ट्रेलियातून. मुलाचा फोटो आलाय. केसांना तेल चोपडून बसलाय, कान बाहेर." ती हसली आणि लगेच गंभीर झाली. "चुलते म्हणतात, हो म्हण. आई नुसती रडते. तुम्ही तिकडे राहून आलात असं लोक म्हणतात. खरंखरं सांगा, जाऊ का मी?"

नेजीपने खाली बघितलं. गुलबख्त दोन्ही हातांनी शिडी धरून वर पाहत होती. तिला यातलं काही कळत नव्हतं. विचारायला कोणी नव्हतं. कान बाहेर असलेला तो फोटो त्यानेच काढून घेतला होता, उसना कोट घालून. आणि मुलीला काय वाटतं, हे त्या वेळी त्याने विचारलं नव्हतं. नंतरही कधी विचारलं नव्हतं. बाग होती, पाण्याच्या पाळ्या होत्या, कॅनरीच्या शिफ्ट होत्या. आणि एवढ्या वर्षांनी विचारायचं तरी कसं, हा प्रश्न होता.

"जाऊ नकोस, पोरी," तो म्हणाला.

"का?"

"उन्हाळा फार. पत्र्याचं घर तापतं. भाषा कळत नाही, दुकानात गेलीस की बोटाने दाखवावं लागतं, आणि ती माणसं हसतात. कॅनरीत उभं राहून पाय सुजतात. आणि बहीण पुन्हा भेटणार नाही. आज जाऊ, उद्या जाऊ करत राहून जाईल ते."

"दुरिये? छे, तिला मी बोलावून घेईन."

"आणि पहिलं मूल राहणार नाही. मुलगा होईल. आठ दिवसांचा. तिथल्या मातीत ठेवावा लागेल. तू महिनाभर बोलणार नाहीस, आणि तो... तो फोटोतला मुलगाही बोलणार नाही. त्याला बोलता येत नाही असं नाही. सुचत नाही त्याला. तो उठून बागेत जाईल. झाडं छाटत बसेल."

मेरुशेची बोटं थांबली होती. ती त्याच्याकडे टक लावून बघत होती.

"मुकादम, तुम्ही घराचं सांगितलंत, उन्हाचं सांगितलंत. माणसाचं काहीच सांगितलं नाही. कसा आहे तो?"

"कामसू आहे."

"बैलही कामसू असतो. मारतो?"

"नाही. कधीच नाही."

"पितो?"

"सणावाराला. तुतीचीच, घरी काढलेली."

"बाई!" ती तोंडावर हात ठेवून हसली. "मग चांगल्या वाळवायच्या तुती उकळून वाया घालवणार म्हणा की." मग मान तिरकी करून विचारलं, "जीव लावेल?"

नेजीपच्या डोळ्यांतून पाणी आलं ते मिशीत उतरलं. त्याने हाताला लागलेलं चादरीचं टोक उचललं.

"अहो, चादरीला पुसू नका! तुती आहेत," मेरुशे म्हणाली आणि डोक्यावरचा रुमाल सोडून त्याच्याकडे टाकला. त्याने तोंड पुसून होईपर्यंत ती दुसरीकडे बघत राहिली. मोठ्या माणसाचं रडणं बघू नये, असं तिला घरी शिकवलेलं असणार.

"तुमचं कोणी आहे तिकडे?" तिने हळूच विचारलं.

"आहे."

"हं." तिने पडदा पुन्हा नीट पसरला, विटा ठेवल्या. "मी लगेच उत्तर देणार नाही. तुती वाळू देत, मग सांगेन म्हणावं. आता उतरा तुम्ही आधी. म्हाताऱ्या माणसाने छपरावर चढू नये, पडलात तर कोण निस्तरणार?"

आणि ती त्याच्यामागून शिडी उतरली, एका हाताने घागरा सावरत, ठामपणे, एकदाही न चाचरता.

त्या संध्याकाळी मेलबर्नहून मुलीचा, फेरिदेचा फोन आला. नेजीपने लपवलं नाही.

"छपरावर? बाबा, आता पुरे झालं. मी नाताळात येते. एखाद्या चांगल्या ठिकाणी आईला ठेवू. तुम्हाला झेपत नाही हे."

"ये. बोलू," तो म्हणाला. "शिडीला कुलूप लावलंय मी."

दुसऱ्या दिवशी त्याने जुनी जाळीची दारं काढली, फळांच्या रिकाम्या खोक्यांवर आडवी टाकली आणि छपरावरच्या सगळ्या तुती खाली अंगणात आणल्या, मेरुशेच्या कमरेच्या उंचीवर. मुंग्या चढू नयेत म्हणून खोक्यांखाली पाण्याच्या डब्या ठेवल्या. गुलबख्त मदत करता करता त्याच्याकडे बघत होती.

"काका, काल वर काय बोलत होत्या त्या?"

त्याने सांगितलं. थोडं, तुटक. गुलबख्त ऐकता ऐकता तुती चिवडत राहिली.

"माझा नवरा आसरा शोधत होडीने या देशात आला तेव्हा मलाही कोणी विचारलं नव्हतं," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "काका, रागावणार नसाल तर सांगते. तुम्ही मागच्या दाराने येता, गड्यासारखे. म्हणून तुम्ही त्यांना मुकादम वाटता. पुढच्या दाराने या ना. पाहुण्यासारखे."

"माझ्याच घरात?"

"तुमच्याच घरात."

नेजीप खोक्यांखालच्या डब्यांत पाणी ओतत राहिला. पण तुती पुऱ्या वाळल्या, मुठीत घेऊन हलवल्यावर खडखड वाजू लागल्या, त्या दुपारी तो पडवीतल्या खोलीतून बाहेर आला आणि गुलबख्तच्या हातातली पिशवी खाली पडली.

"काका! मिशी?"

चाळीस वर्षांची मिशी गेली होती. वरचा ओठ नुकत्या सोललेल्या काडीसारखा पांढरा दिसत होता. अंगात काळा कोट, त्याला डांबरगोळ्यांचा वास. बुटांना पॉलिश. हातात हॅट.

"वाईट दिसतंय का?"

"नाही," गुलबख्त म्हणाली. "कान बाहेर आलेत."

तो मागच्या फाटकातून बाहेर पडला, गल्लीला वळसा घालून पुढच्या दाराशी आला. ही घंटा त्याने स्वतः बसवली होती, पण वाजवली कधी नव्हती. त्याने ती दाबली.

गुलबख्तने दार उघडलं. "खाला, पाहुणे!" तिने आत हाक दिली. शब्द कळला नसेल, पण घंटा कळली, आणि कोट कळला. मेरुशे हात पुसत आली, दारात थबकली. नेजीपने हॅट छातीशी धरली.

"या, बसा ना," ती म्हणाली. "उभे का? आमच्याकडे पाहुण्याला उभं ठेवत नाहीत."

तो आपल्याच खुर्चीत, पण टोकावर बसला. मेरुशेने रुमाल नीट केला. आधी पाण्याचा ग्लास आला, मग कॉफी. ती आजही बरोबर उतू जायच्या आधी उतरवलेली. आणि काचेच्या वाटीत नव्या वाळलेल्या तुती.

"घ्या. यंदाच्या आहेत. मी आणि बहिणीने वाळवल्या."

त्याने एक तोंडात टाकली. "फार गोड आहेत."

"उन्हाला नाही, सबुरीला गोडी असते, असं आमची आई म्हणते." ती समोर बसली. "कुणीकडचे तुम्ही?"

"इथलाच. जवळच असतो."

"बरं झालं आलात. मी आता थोड्या दिवसांचीच आहे इथे." तिने गुलबख्तकडे बघून आवाज खाली आणला. "माझं लग्न ठरलंय. ऑस्ट्रेलियाला जाणार मी."

कॉफीचा कप नेजीपने बशीत ठेवला. थोडी सांडली.

"फार लांब आहे," तो म्हणाला. "कोणी सांगितलं नाही का, तिकडे त्रास असतो म्हणून?"

"सांगितलं की. आमच्या मुकादमांनी. उन्हाचं सांगितलं, घराचं सांगितलं, नको नको ते सांगितलं. जाऊ नकोस म्हणाले." ती थांबली. "पण सांगता सांगता ते रडले. एवढा मोठा माणूस. मी मनात म्हटलं, ज्या ठिकाणाची आठवण काढून मुकादम रडतो, तिथे काहीतरी असणार. उगीच कोणी रडत नाही. म्हणून हो म्हटलं मी."

बाहेर कुठेतरी पंप चालू झाला. गुलबख्त खिडकीशी पाठ करून उभी होती. तिला शब्द कळत नव्हते, पण ती वळली नाही.

"चांगलं केलंस," नेजीप शेवटी म्हणाला.

"खरंच?"

"खरंच. त्याचं... त्या मुलाचं नशीब."

मेरुशे लाजली. इतक्या वर्षांत त्याने तिला लाजताना पाहिलं नव्हतं. तिने उगीच वाटी त्याच्याकडे सरकवली. "घ्या ना अजून. तुमच्या घरी कोण कोण असतं?"

"बायको असते."

"तिला आवडतात तुती?"

"फार."

"मग रिकाम्या हाताने कसे जाता?" ती उठली, वाटीतल्या तुती ओंजळीत घेतल्या आणि त्याच्या कोटाच्या खिशात ओतल्या. वरून खिसा हलकेच थोपटला. "तिला द्या. म्हणावं, मेरुशेने दिल्यात. आणि पुन्हा या. तिलाही घेऊन या."

तो उठला. दारापर्यंत ती पोचवायला आली. गुलबख्त त्याच्यामागे पायरीपर्यंत आली आणि दबक्या आवाजात म्हणाली, "काका, लगेच मागून येऊ नका. आत्ता तर गेलात. बरं दिसत नाही."

"मग जाऊ कुठे?"

"फिरून या जरा. ऊन उतरलंय."

नेजीपने हॅट डोक्यावर ठेवली, फाटक हळू लावलं. मागे दारात मेरुशे अजून उभी होती. तिने हात हलवला, पाहुण्याला हलवतात तसा. त्यानेही हलवला. मग तो उघड्या रानाच्या कडेने कालव्याकडे चालू लागला, सावकाश, एक हात खिशावर धरून, तिने बायकोसाठी दिलेल्या तुती सांडू नयेत म्हणून.